करवंट्या, गहाण टाकलेलं घर आणि अकरापर्यंतचा आवाज

बेसुरा_बेसिस्ट

परवा रविवारी जेवणं उरकल्यावर धाकट्याला 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' दाखवायला बसवलं. वय वर्षं चौदा. बापाची आवड ऐकून घ्यायचं हे वय नव्हे, पण बाहेर पाऊस होता आणि त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता. पहिल्याच दृश्यात धुक्यातून टापांचा आवाज येतो. आता राजा आर्थर घोड्यावरून येणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि तो येतो पायी, लगाम धरल्यासारखे हात करून, दुडक्या चालीने. मागून त्याचा नोकर करवंटीची दोन भकलं एकमेकांवर आपटतोय. पोरगं खिदळलं. मग म्हणालं, "घोडा का नाही?" म्हटलं, "परवडला नाही." "मग पिक्चरला पैसे दिले कुणी?"

बास. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वीस वर्षं टपून बसलो होतो. पिक्चर थांबवला. बायको उठून आत झोपायला गेली.

पैसे दिले रॉक बँडवाल्यांनी. पिंक फ्लॉइडने. लेड झेपलिनने. जेथ्रो टलच्या इयन अँडरसनने. गीतकार टिम राइसच्या हौशी क्रिकेट टीमनेसुद्धा! मॉन्टी पायथन म्हणजे सहा विनोदवीरांची टोळी. बीबीसीने त्यांना १९६९ पासून टीव्हीवर धुडगूस घालू दिला होता, ४५ भाग झाले, पण सिनेमा म्हटल्यावर स्टुडिओवाल्यांनी हात आखडता घेतला. पिक्चर शेवटी दोन-तीन लाख पौंडांत झाला. सरकारी किल्ल्यांची परवानगी ऐनवेळी नाकारली गेली, म्हणून खासगी मालकीचा डून नावाचा एकच किल्ला इकडून तिकडून शूट करून अनेक किल्ले म्हणून खपवला. १९७५ चा तो पिक्चर आज पाहिला तरी कुठे काटकसर जाणवत नाही, कारण काटकसरीचाच विनोद केलाय.

फ्लॉइडवाले नुसते पैसेवाले नव्हते, भक्त होते. त्यांच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना पायथनची वेळ झाली की काम थांबायचं.

पण खरी गोष्ट पुढची. १९७८ मध्ये पायथनच्या पुढच्या पिक्चरची, 'लाइफ ऑफ ब्रायन'ची, सगळी तयारी झालेली. मंडळी ट्युनिशियाला निघणार, आणि पैसे घालणाऱ्या ईएमआय कंपनीच्या बड्या साहेबांनी संहिता वाचून पैसे काढून घेतले. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या एका साध्या पोराला लोक प्रेषित समजतात, अशी कथा. त्यांना घाम फुटला असणार. पायथनमधला एरिक आयडल मदत मागायला गेला जॉर्ज हॅरिसनकडे. हो, बीटल्सचा जॉर्ज. त्याने मॅनेजर डेनिस ओब्रायनला हाताशी धरून हँडमेड फिल्म्स नावाची कंपनी काढली, हेन्लीचं राहतं घर गहाण टाकलं आणि सुमारे ४० लाख डॉलर उभे केले. का? तर त्याला तो पिक्चर बघायचा होता. आयडल पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला की सिनेमाच्या तिकिटाला एवढे पैसे आजवर कुणी मोजले नाहीत.

आता माझं मत, ज्यासाठी हा धागा काढला. लोक म्हणतात रॉकवाल्यांना विनोद आवडायचा म्हणून त्यांनी पैसे दिले. मला वाटतं, ती दोन वेगळी माणसं नव्हतीच. तारखा बघा. बीटल्सचा 'ॲबी रोड' हा अल्बम बाजारात आला २६ सप्टेंबर १९६९ ला. पायथनचा पहिला भाग लागला ५ ऑक्टोबर १९६९ ला. मध्ये नऊ दिवस. 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू आठवा. अर्धवट गाणी, कुणाला शेवट नाही, एक संपायच्या आत दुसरं सुरू, आणि तरी सगळं मिळून एकच लांब चीज. आता पायथनचा कुठलाही भाग आठवा. प्रसंग रंगात आलेला असताना कुणीतरी लष्करी अधिकारी येऊन म्हणतो हे फारच बाष्कळ चाललंय, बंद करा. नाहीतर टोळीतल्या टेरी गिलियमच्या ॲनिमेशनमधलं ते कागदी पाऊल वरून येऊन सगळं चिरडतं. शेवटच्या वाक्यावर टाळी घ्यायचीच नाही. मी बारा वर्षं बँडमध्ये बेस वाजवला. एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जायचं म्हणजे काय असतं ते मला हातानं माहीत आहे, आणि पायथन बघताना तीच गंमत येते. हॅरिसन स्वतःही म्हणायचा की बीटल्स फुटले तेव्हा त्यांचा प्राण या लोकांत गेला. अनेकांना ही भाविकता वाटते. मला नाही वाटत.

तिरकस_तात्या

लेख छान, पण देव्हारा जरा लहान करा. १९७४ नंतर ब्रिटनमध्ये कमाईवरचा कमाल कर ८३ टक्के होता आणि व्याज-लाभांशावर ९८. शंभरातले दोन हातात! अशा वेळी पैसे पिक्चरमध्ये घातले आणि बुडाले तरी फारसं बिघडत नव्हतं. आणि तुमचा जॉर्ज तर १९६६ मध्येच करवसुली करणाऱ्यावर चिडून गाणं लिहून बसलेला. भक्ती होती, पण भक्तीला सीएची सही होती.

बेसुरा_बेसिस्ट

तात्या, 'ग्रेल'च्या बाबतीत मान्य. आयडल स्वतःच कराची गोष्ट सांगतो. पण 'ब्रायन'च्या बाबतीत नाही. कर वाचवायला कुणी राहतं घर गहाण टाकतं का? आणि पुढचं बघा. त्या कंपनीने नंतर 'द लाँग गुड फ्रायडे', 'टाइम बँडिट्स', 'मोना लिसा', 'विदनेल अँड आय' असे एकाहून एक पिक्चर काढले आणि तरी हॅरिसन शेवटी खड्ड्यातच गेला. १९९४ मध्ये कंपनी विकली, त्याच ओब्रायनवर दावा लावला, १९९६ मध्ये कोर्टाने हॅरिसनच्या बाजूने १ कोटी १६ लाख डॉलरचा निकाल दिला. भागीदार विनोदी नसला की असं होतं.

थेम्सकाठचा_गण्या

मी रेडिंगला राहतो, हेन्ली इथून पंधरा-वीस मिनिटं. आई-बाबा आले की नदीकाठी नेतोच. मागच्या उन्हाळ्यात मुद्दाम फ्रायर पार्कच्या, म्हणजे हॅरिसनच्या त्या घराच्या, फाटकावरून गाडी घेतली. आत काही दिसत नाही. मी उत्साहात सांगतोय की एका सनकी वकिलाने बांधलेला हा वाडा, बागेत मॅटरहॉर्न पर्वताची छोटी प्रतिकृती आहे, १९७० मध्ये हॅरिसनने घेतला, त्याच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बमच्या कव्हरवर तो बुटक्यांच्या पुतळ्यांमध्ये बसलाय ते इथेच. बाबा शांतपणे म्हणाले, "मग गहाण सुटलं का शेवटी?" आमच्या घरात तीन पिढ्या बँकेत नोकरीला. त्यांना तेवढीच काळजी.

अवांतर: 'क्रॅकरबॉक्स पॅलेस' या हॅरिसनच्या गाण्याचा व्हिडिओ त्याच बागेत झालाय आणि दिग्दर्शक एरिक आयडल. १९७६. त्याच वर्षी न्यूयॉर्कला पायथनचा रंगमंचीय प्रयोग चालू असताना हॅरिसन लाकूडतोड्याच्या गाण्यात मागच्या कोरसमध्ये पोलिसाचा गणवेश घालून उभा राहिला. लोकांना पत्ताच नाही. बीटल्समधला माणूस, आणि त्याला मागच्या रांगेत उभं राहायची हौस.

शेवंता_रॉक्स

धागाकर्ते, भावना पोचल्या, पण एक कबुली. मला पायथन हसवत नाही. 'ब्रायन' आवडतो, कारण त्याला गोष्ट आहे. पण टीव्हीवरचे भाग? पाच मिनिटं हुशारी आणि पंचवीस मिनिटं पोरकटपणा. शेवटच्या वाक्यावर टाळी घ्यायची नाही हे ऐकायला भारी वाटतं. पण कित्येकदा शेवट सुचलेलाच नसतो आणि मग पाऊल येऊन चिरडतं. हे मी आमच्या एकांकिका स्पर्धांत भरपूर पाहिलंय. शेवट सापडला नाही की दिवे घालवायचे आणि परीक्षकांना म्हणायचं की ते प्रेक्षकांवर सोडलंय.

पायथनमधल्याच जॉन क्लीजने नंतर कॉनी बूथबरोबर 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलातली विनोदी मालिका लिहिली. सगळे मिळून १२ भाग, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. त्यातला कुठलाही भाग घ्या. पहिल्या पाच मिनिटांत एक फालतू गोष्ट पेरलेली असते, एखादी किल्ली, एखादं खोटं, आणि शेवटी तीच गळ्याशी येते. ती सुचली कशी, तर इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या एका हॉटेलात पायथनवाले उतरलेले असताना तिथल्या मालकाने आयडलची बॅग बाहेर भिंतीपाशी नेऊन ठेवली, का तर आत गजराच्या घड्याळाची टिकटिक ऐकून त्याला बॉम्ब वाटला. बाकीचे दुसऱ्या हॉटेलात पळाले, क्लीज तिथेच राहिला आणि त्या माणसाकडे बघत बसला. मला तो बघत बसणारा क्लीज जास्त आवडतो. रॉक म्हणाल तर ती सोळा मिनिटांची ड्रमची एकल वादनंही मला सोसत नाहीत, त्यामुळे माझी आवड सुसंगत आहे असं धरा.

बेसुरा_बेसिस्ट

शेवंताताई, एकांकिकेचा टोला बसला. पण दिवे घालवणं आणि पाऊल यात फरक आहे हो. दिवे घालवणारा स्वतःला गंभीर समजतो.

मार्शल_मधुकर

ड्रमवरून आठवलं. 'ब्रायन'मध्ये एका बडबड्या प्रेषिताची भूमिका 'द हू' या रॉक बँडचा ड्रमर कीथ मून करणार होता. ७ सप्टेंबर १९७८ ला तो गेला आणि ती भूमिका शेवटी गिलियमने केली. छापील संहिता मूनला अर्पण केलेली आहे.

पण रॉक आणि विनोद म्हणताय आणि 'धिस इज स्पायनल टॅप'चं नाव नाही? १९८४ चा पिक्चर, रॉब राइनरचा. न अस्तित्वात असलेल्या बँडचा खोटा माहितीपट, संवाद बहुतेक ऐन कॅमेऱ्यासमोर सुचलेले. त्यातला गिटारवाला अभिमानानं दाखवतो की बाकीच्यांच्या ॲम्पवर (आवाज मोठा करायच्या खोक्यावर) आकडे दहापर्यंत, आमच्यावर अकरापर्यंत. मग दहालाच जास्त मोठं का नाही केलं, असं विचारल्यावर तो थांबतो. ते थांबणं! चेहऱ्यावर नुसता कोरा कागद. मग परत म्हणतो, हा अकरापर्यंत जातो. बीबीसीने पुढे आपल्या ऑनलाइन प्लेअरचा आवाज मुद्दाम अकरापर्यंत ठेवला होता.

तो पिक्चर पाहून बँडवाले हसत नाहीत, घामाघूम होतात. आमचंच सांगतो. तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, गॅदरिंग, साल १९९८. आमचं शेवटचं गाणं जरा जड, त्यामुळे स्टेजवर धूर पाहिजे असा आमच्या गायकाचा हट्ट. मंडपवाल्याला सांगितलं, "धुराचं मशीन पाहिजे." तो म्हणाला, "आहे की, काळजीच करू नका." आम्ही गाफील. गाणं सुरू झालं, गायकाने डोळे मिटून हात वर केला, आणि विंगेतून एक माणूस खांद्याला पट्टा अडकवून आत आला. हातात डास मारायचं फवारणीचं मशीन. फट् फट् फट् करत त्याने ड्रमपासून सुरुवात केली. अगदी मनापासून, कोपरा न् कोपरा. पांढरा धूर झकास झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण रॉकेलचा वास असा सुटला की पहिल्या रांगेतले प्राचार्य आणि प्रमुख पाहुणे रुमाल धरून उठले, त्यांच्यामागे मुलींची बाजू, मग मुलं. आम्हाला धुरात काही दिसेना. आम्ही गाणं पूर्ण वाजवलं, वरून शेवटी दोन वेळा फिरवून. धूर विरला तेव्हा समोर पंचवीस-तीस खुर्च्या उलट्या पडलेल्या आणि मशीनवाला एकटा टाळ्या वाजवत उभा.

त्यानंतर तीन वर्षांनी मी 'स्पायनल टॅप' पहिल्यांदा पाहिला. स्टेजवर अठरा फुटी स्टोनहेंज मागवलेलं असतं आणि कागदावर फुटाऐवजी इंचाची खूण केल्यामुळे अठरा इंचाचं खाली उतरतं, तो प्रसंग. शेजारचे हसून लोळत होते. मला मशीनवाल्याचा चेहरा दिसत होता.

खडू_आणि_फळा

मधुकरराव, चहा सांडला! मोबाइलवर टिपलं असतं कुणी तर...

'द यंग वन्स' या विनोदी मालिकेचा उल्लेख राहिलाच. बीबीसी टू, १९८२ ते ८४, चार दिवटे विद्यार्थी आणि एक उकिरडा झालेलं घर. त्यात मध्येच, काहीही कारण नसताना, दिवाणखान्यात एखादा बँड वाजवायला लागतो. 'मोटरहेड' येऊन गेलाय, 'मॅडनेस' येऊन गेलाय. कारण अगदी कारकुनी आहे. नुसती विनोदी मालिका म्हटली तर पैसे कमी, गाणं घातलं की तो 'व्हरायटी'चा कार्यक्रम ठरतो आणि बजेट वाढतं. म्हणजे सत्तरीत रॉकने विनोदाला खिशातून पैसे दिले, ऐंशीत बीबीसीच्या फाइलमधून मिळवून दिले.

तिरकस_तात्या

@खडू, हे झकास. बघा, शेवटी सगळं लेखाशीर्षावर येतं.

मूळचा_नगरकर

इतका वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे गोष्ट मधून सांगताय. सुरुवात आमच्याकडून आहे.

स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. बाप ब्रिटिश तोफखान्यात. पोराचं बालपण पुण्यात आणि मग रंगूनला. या माणसाने पुढे बीबीसी रेडिओवर 'द गून शो' हा विनोदी कार्यक्रम लिहिला, १९५१ ते ६०. लिव्हरपूलची पोरं त्यावर वाढली. लेनन तर अक्षरशः त्यावर पोसलेला. आता बीटल्सच्या रेकॉर्डींचा निर्माता जॉर्ज मार्टिन बघा. बीटल्स हाती लागायच्या आधी हा माणूस 'गून शो'वाले पीटर सेलर्स आणि मिलिगन यांच्या विनोदी रेकॉर्डी काढायचा. चार पोरं ऑडिशनला आली आणि कळलं की समोरचा साहेब गूनवाल्यांबरोबर काम केलेला आहे, तेव्हा त्यांच्या लेखी तो देवच झाला. पुढे 'क्यू फाइव्ह' नावाची मिलिगनची टीव्ही मालिका मार्च १९६९ मध्ये आली. त्यात प्रसंग शेवट न करताच सोडून दिलेले. पायथनवाले तेव्हा आपला कार्यक्रम आखत होते, त्यांनी कपाळावर हात मारला, की आपण करणार होतो ते म्हाताऱ्याने आधीच केलं.

म्हणजे धागाकर्त्यांचा नऊ दिवसांचा हिशेब बरोबर आहे, पण दोन्ही टोकं एकाच खुंटीला बांधलेली आहेत. शेवंताताईंना शेवट न सापडण्याचा राग आहे, त्याचं मूळही इथेच. युद्धात तोफेच्या गोळ्याने जखमी झालेला माणूस होता, पुढे आयुष्यभर मनाच्या आजाराने हैराण. त्याला गोष्टी नीट संपतात यावर विश्वास नसेल तर मी त्याला दोष देणार नाही.

आणि आता ऐका. 'लाइफ ऑफ ब्रायन'चं शूटिंग चालू असताना मिलिगन योगायोगाने ट्युनिशियात सुट्टीवर होता, आपल्या जुन्या रणभूमी बघायला आलेला. पायथनवाल्यांना कळलं, त्यांनी उचलून सेटवर आणला. सकाळी एक प्रसंग केला. दुपारी जवळून टिपायचं होतं, तर हा जेवणानंतर निघून गेलेला. पिक्चरमध्ये आहे, शोधा. गर्दी ब्रायनची वहाण उचलून त्याचा धर्म करत धावत सुटते, आणि एक दाढीवाला मागे एकटाच राहतो. तो.

थेम्सकाठचा_गण्या

अरे! हॅरिसनही त्याच पिक्चरमध्ये दोन सेकंद आहे, टेकडी भाड्याने देणारा मिस्टर पापाडोपोलस म्हणून. म्हणजे पैसे देणारा आणि वाट दाखवणारा दोघेही एकाच रिळात.

शेवंता_रॉक्स

नगरकर, हे वाचून 'क्यू'चे भाग शोधायला बसते. पायथनबद्दलचं मत तूर्त राखून ठेवते, मागे घेत नाही.

तुम्हा मंडळींना 'ब्रायन'वरची १९७९ ची बीबीसीवरची चर्चा माहीत आहेच. पायथनमधले क्लीज आणि पेलिन एका बाजूला, पत्रकार माल्कम मगरिज आणि सदर्कचे बिशप दुसऱ्या. बिशप गळ्यातला क्रूस कुरवाळत बोलतात. पण मगरिज आणि बिशप पिक्चरला पंधरा मिनिटं उशिरा पोचले होते. येशू वेगळा आणि ब्रायन वेगळा हे ज्या भागात दाखवलंय नेमका तोच त्यांनी पाहिला नव्हता. पेलिनसारखा मवाळ माणूस त्या दिवशी खरोखर चिडलेला दिसतो, आणि त्यासाठी मला तो आवडतो. नॉर्वेत बंदी आली तर शेजारच्या स्वीडनमध्ये त्याचीच जाहिरात केली, की इतका विनोदी पिक्चर की नॉर्वेला बंद करावा लागला.

मार्शल_मधुकर

त्या पिक्चरच्या शेवटच्या गाण्याबद्दल एकच. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात 'शेफील्ड' ही नौका क्षेपणास्त्राने पेटली तेव्हा सुटकेची वाट बघणारे खलाशी तेच गात होते. पायथनमधल्या ग्रॅहम चॅपमनच्या स्मृतिसभेत आयडलने तेच म्हटलं. क्रुसावर लटकलेली माणसं शिट्टी वाजवत गातात, हे लिहायला धाडस लागतं. पण माझ्या मते ते खरं रॉक गाणं आहे, तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं.

बेसुरा_बेसिस्ट

काल रात्री नगरकरांचं वाचून 'ब्रायन' लावला आणि वहाणेचा प्रसंग शोधून थांबवला. धाकट्याला हाक मारली. "हा बघ, हा माणूस आपल्या नगरला जन्मला." त्याने थोडा वेळ दाढीवाल्याकडे बघितलं.

"आमची शाळेची सहल गेली होती ना नगरला, रणगाड्यांच्या म्युझियममध्ये?"

"हो, मग?"

"मग त्या आर्थरला सांगायला पाहिजे होतं यांनी. घोडा नाही तर नाही, रणगाडा तरी मिळाला असता."

स्वयंपाकघरातून विचारणा झाली आहे की ओट्यावरचा नारळ अर्धा कापून कुणी नेला.